बारा जणांआधीची चाळणी

अमेरिकेतील मृत्युदंडाच्या खटल्यांमध्ये ज्यूरीच्या निर्णयावर वर्णाचा परिणाम होतो, ही गोष्ट अभ्यासकांमध्ये आता फारशी वादग्रस्त राहिलेली नाही. वाद आहे तो हा परिणाम नेमका कोठून येतो आणि त्याला आवर घालण्याची जबाबदारी कोणाची, याविषयी. सर्वसामान्य माणसाची, आणि बऱ्याच अंशी न्यायालयांचीही, समजूत अशी आहे की ज्यूरीच्या बारा जणांमध्ये एखादा कडवा वंशद्वेष्टा नजर चुकवून येऊन बसतो, आणि त्याला वेळीच ओळखून बाजूला केले की न्याय सुरक्षित होतो. ही समजूत सोयीची आहे, कारण ती सारा दोष एका माणसाच्या मनात कोंडून टाकते. प्रत्यक्षात हे बारा जण शपथ घेऊन बसण्यापूर्वीच त्यांना ज्या चाळणीतून काढले जाते तिच्यातच वर्णाचा हिशेब मुरलेला असतो, आणि कायदा मात्र त्या चाळणीकडे न पाहता कोणाच्या तरी मनातील हेतूचा पुरावा मागत राहतो, जो बहुधा मिळण्यासारखाच नसतो.

अशा खटल्याचे दोन टप्पे असतात. पहिल्यात आरोपी दोषी आहे की नाही हे ठरते आणि दुसऱ्यात, तो दोषी ठरल्यास, त्याला देहदंड द्यावा की जन्मठेप, याचा विचार होतो. १९७२ च्या फर्मन निकालाने त्या वेळचे मृत्युदंडाचे कायदे मनमानी ठरवून रद्द केल्यानंतर राज्यांनी ही नवी रचना उभी केली आणि १९७६ मध्ये ग्रेग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली. गुन्ह्याचे गांभीर्य वाढवणारी परिस्थिती आणि शिक्षा सौम्य करू शकणारी परिस्थिती, म्हणजे आरोपीचे बालपण, मानसिक आजार, पश्चात्ताप इत्यादी, यांचे वजन करणे हे दुसऱ्या टप्प्याचे काम असते. येथे ज्यूरीला काय घडले हे शोधायचे नसते, तर समोरचा माणूस जगू देण्याच्या लायकीचा आहे का, हे ठरवायचे असते. आणि जेथे मोजमाप नैतिक आणि अंतःप्रेरणेवर सोपवलेले असते तेथे पूर्वग्रहाला सर्वाधिक वाव मिळतो. जेनिफर एबरहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये फिलाडेल्फियातील खटल्यांवर केलेला अभ्यास या संदर्भात अस्वस्थ करणारा आहे. बळी गोरा असलेल्या खटल्यांत, ज्या कृष्णवर्णीय आरोपींचा चेहरामोहरा पाहणाऱ्यांना अधिक ठसठशीतपणे ‘कृष्णवर्णीय’ वाटला, त्यांच्यापैकी ५७.५ टक्क्यांना मृत्युदंड झाला, तर तसा न वाटलेल्यांपैकी २४.४ टक्क्यांना, बळीही कृष्णवर्णीय असला की हा फरक नाहीसा होत होता.

व्यक्तीच्या मनाकडून गटाच्या घडणीकडे वळले की चित्र अधिक स्पष्ट होते. मृत्युदंडाच्या खटल्यांत काम केलेल्या हजाराहून अधिक ज्यूरी सदस्यांच्या मुलाखती घेणाऱ्या ‘कॅपिटल ज्यूरी प्रोजेक्ट’ या संशोधन उपक्रमात असे आढळले की, कृष्णवर्णीय आरोपी आणि गोरा बळी अशा खटल्यांत ज्यूरीमध्ये पाच किंवा अधिक गोरे पुरुष असले तर सुमारे ७१ टक्के वेळा मृत्युदंड होत असे, आणि त्यांची संख्या पाचाहून कमी असली तर सुमारे ३० टक्के वेळा. म्हणजे एखाद्या माणसाचे मरण हे त्याने काय केले याच्याइतकेच त्याच्यासमोर कोण बसले आहे यावर अवलंबून राहते, आणि तेथे कोण बसते हे काही केवळ योगायोगाने ठरत नाही.

ज्यूरीसाठी बोलावलेल्या नागरिकांना दोन्ही बाजूंचे वकील आणि न्यायाधीश प्रश्न विचारतात. ज्याची निष्पक्षता संशयास्पद वाटते त्याला कारण दाखवून वगळता येते. याशिवाय प्रत्येक बाजूला ठरावीक संख्येपर्यंत नागरिक कोणतेही कारण न देता वगळण्याचा हक्क असतो, त्याला ‘पेरेम्प्टरी चॅलेंज’ म्हणतात. कृष्णवर्णीयांना ज्यूरीतून कायद्यानेच बाद करणे १८८० मध्ये स्ट्रॉडर निकालाने घटनाबाह्य ठरले. पण कायद्याने जे करता येईना ते या विनाकारण हरकतीने आरामात करता येऊ लागले. १९६५ च्या स्वेन खटल्यात अलाबामातील टॅलाडेगा काउंटीत सुमारे १९५० पासून एकाही कृष्णवर्णीयाने खटल्याच्या ज्यूरीत काम केले नव्हते, हे समोर असूनही सर्वोच्च न्यायालयाला त्यात घटनाभंग दिसला नाही. शेवटी १९८६ मध्ये बॅट्सन निकालाने नियम केला की, वर्णावरून हरकत घेतल्याचा सकृद्दर्शनी संशय आल्यास सरकारी वकिलाने वर्णाशी संबंध नसलेले कारण द्यावे, आणि ते खरे की बनावट हे न्यायाधीशाने ठरवावे. निकालाशी सहमत असलेले न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी त्याच वेळी बजावले होते की असली कारणे रचणे अगदी सोपे आहे आणि हा हक्कच रद्द केल्याशिवाय भेदभाव थांबणार नाही.

त्यांचे म्हणणे किती खरे होते हे जॉर्जियातील फॉस्टर खटल्यातून दिसते. १९८७ मध्ये तेथे एका कृष्णवर्णीय तरुणाला सर्व गोऱ्यांच्या ज्यूरीने मृत्युदंड दिला. उपलब्ध चारही कृष्णवर्णीय नागरिकांना सरकारी पक्षाने वगळले होते आणि प्रत्येकासाठी लांबलचक, वर्णनिरपेक्ष कारणे दिली होती. अनेक वर्षांनी माहितीच्या कायद्याखाली सरकारी पक्षाच्या टिपणांच्या प्रती बचाव पक्षाच्या हाती आल्या, तेव्हा यादीतील कृष्णवर्णीयांची नावे हिरव्या रंगाने रंगवलेली आणि त्यांच्यापुढे इंग्रजी ‘बी’ अक्षर घातलेले आढळले. चौतीस वर्षांच्या एका स्त्रीला ती आरोपीच्या वयाच्या जवळची आहे म्हणून नाकारल्याचे सांगितले गेले होते. आरोपी एकोणीस वर्षांचा होता, आणि तिच्याहून लहान, अगदी एकवीस वर्षांच्या गोऱ्या नागरिकाला मात्र ज्यूरीत घेतले गेले होते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मताने ही निवड घटनाबाह्य ठरवली. या विजयाने समाधान वाटण्याऐवजी चिंता वाटावी, कारण तो कागद हाती लागल्यामुळे मिळाला. जेथे टिपणे लिहिलीच गेली नाहीत तेथे राज्याची तीच कारणे तीन दशके काय, कायमची खपून गेली असती. मिसिसिपीतील कर्टिस फ्लॉवर्स यांच्यावर एकाच सरकारी वकिलाने एकाच प्रकरणात सहा वेळा खटला चालवला आणि त्यांत मिळून ४२ पैकी ४१ कृष्णवर्णीय नागरिकांना वगळले, किंवा तसा प्रयत्न केला. सहाव्या खटल्यात वगळलेल्या पाच कृष्णवर्णीयांना मिळून १४५ प्रश्न विचारले गेले होते, आणि घेतलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून बारा. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षाही रद्द केली आणि पुढच्या वर्षी राज्याने आरोपच मागे घेतले.

चाळणीचे दुसरे भोक याहून कमी चर्चिले जाते. देहदंड देणे ज्यांना कोणत्याही परिस्थितीत मान्य होणार नाही अशा नागरिकांना या खटल्यांतून कारण दाखवून वगळले जाते. या प्रक्रियेला ‘डेथ क्वालिफिकेशन’ म्हणतात. नियम वर्णाचा उच्चारही करत नाही. पण प्यू संशोधन केंद्राच्या २०२१ च्या पाहणीत गोऱ्यांपैकी ६३ टक्के लोक मृत्युदंडाच्या बाजूचे होते, तर कृष्णवर्णीयांपैकी ४९ टक्के, त्यामुळे या कसोटीवर बाद होणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण साहजिकच अधिक राहते, आणि जे उरतात ते दोषी ठरवण्याकडेही अधिक झुकलेले असतात. १९८६ च्या लॉकहार्ट निकालात न्यायालयाने हा झुकाव घटकाभर गृहीत धरला आणि तरीही तो घटनेच्या आड येत नाही असे म्हटले. अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यावर ज्यूरीचे बोलावणे येणाऱ्या मराठी वाचकांनी प्यूच्या त्याच पाहणीतील आणखी एक आकडा लक्षात घेण्यासारखा आहे: आशियाई वंशाच्या लोकांमधील पाठिंबा गोऱ्यांइतकाच होता, म्हणजे या चाळणीतून मराठी माणूस बहुधा सहज पार होईल.

या साऱ्या व्यवस्थेचा गाभा १९८७ च्या मॅक्लेस्की निकालात आहे. डेव्हिड बाल्डस यांच्या चमूने जॉर्जियातील दोन हजारांहून अधिक खुनांच्या प्रकरणांचा अभ्यास करून, अनेक वर्णेतर घटकांचा हिशेब घेतल्यानंतरही, बळी गोरा असल्यास मृत्युदंडाची शक्यता ४.३ पट ठरते असे दाखवले होते. न्यायालयाने अभ्यास ग्राह्य धरला, पण पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की आकडेवारी पुरेशी नाही. या विशिष्ट खटल्यात निर्णय घेणाऱ्यांनी हेतुपुरस्सर भेदभाव केला, हे आरोपीने सिद्ध करावे. त्याच निकालात न्यायमूर्ती पॉवेल यांनी हेही नोंदवले की ज्यूरी सदस्यांना त्यांच्या हेतूंविषयी साक्ष देण्यास बोलावता येत नाही. आरोपीने ज्या मनाचा पुरावा आणायचा त्या मनापर्यंत पोहोचण्याची वाटच कायद्याने बंद करून ठेवली, इतका उघड अंतर्विरोध न्यायशास्त्रात क्वचित सापडेल. निवृत्तीनंतर पॉवेल यांनी आपल्या चरित्रकाराला सांगितले की संधी मिळाल्यास या खटल्यातील मत आपण बदलू. वॉरन मॅक्लेस्की यांना १९९१ मध्ये विद्युत्खुर्चीवर देहदंड दिला गेला. २०१७ च्या पेन्या-रॉड्रिगेझ निकालाने ही बंद वाट किंचित किलकिली केली, पण एखाद्या सदस्याने वर्णद्वेष उघडपणे बोलून दाखवला असेल तरच. कृष्णवर्णीयांना आत्मा असतो का, अशी शंका एका सदस्याने नंतर लेखी व्यक्त करूनही जॉर्जियातील मृत्युदंडाचे कैदी थार्प यांची शिक्षा अखेरपर्यंत रद्द झाली नाही.

ज्यूरीची घडण म्हणजेच निकाल, हे मराठी वाचकाला अमेरिकेकडून शिकण्याची खरे तर गरज नाही. १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते, ‘केसरी’तील मराठी लेख त्यांच्यातील बहुतेकांना भाषांतरातूनच कळणार होते, आणि निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. त्या सातांपैकी एखादा व्यक्तिशः दुष्ट होता का, हा प्रश्न कोणी इतिहासकार आज विचारत नाही. विचारला जातो तो, अशी ज्यूरी बसवली कशी गेली, हाच. भारताने पुढे ज्यूरीच मोडीत काढली, याचे कौतुक अधूनमधून ऐकू येते. पण दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालानुसार भारतात मृत्युदंडाच्या सावटाखालील सुमारे ७६ टक्के कैदी मागासवर्गीय किंवा धार्मिक अल्पसंख्याक होते, तेव्हा बारा सामान्य माणसांच्या जागी एक विद्वान न्यायाधीश बसवणे हा काही उपाय नव्हे.

उपाय निवडीतच शोधावा लागतो, आणि तो काही राज्यांनी शोधला आहे. वॉशिंग्टन राज्याने २०१८ मध्ये केलेल्या नियमानुसार हरकतीमागचा हेतू सिद्ध करण्याची गरज उरली नाही. तटस्थ निरीक्षकाला तीत वर्णाचा वाटा दिसू शकत असेल तर ती फेटाळली जाते, आणि पोलिसांविषयी अविश्वास किंवा गुन्हेगारीग्रस्त वस्तीत वास्तव्य ही नेहमीची कारणे मुळातच संशयास्पद मानली जातात. ॲरिझोनाने १ जानेवारी २०२२ पासून विनाकारण हरकतीचा हक्कच दोन्ही बाजूंकडून काढून घेतला. याला बचाव पक्षाच्या अनेक वकिलांचा विरोध आहे आणि तो पोकळ नाही: मनातला द्वेष लपवून ‘मी निष्पक्ष आहे’ म्हणणाऱ्याला वगळण्याचे हेच एक साधन त्यांच्या हाती असते. मात्र येथे साधे अंकगणित आड येते. बोलावलेल्या लोकांत कृष्णवर्णीय चारपाचच असतील तर तितक्याच हरकतींत राज्य त्यांचा संपूर्ण निकाल लावू शकते, उलट बचाव पक्षाने सगळ्या हरकती वापरल्या तरी बहुसंख्याकांचे प्राबल्य जराही हलत नाही. शिवाय सॅम्युअल सॉमर्स यांच्या २००६ च्या प्रयोगात मिश्र ज्यूरीत बसलेल्या गोऱ्या सदस्यांनीही अधिक तथ्ये मांडली आणि कमी चुका केल्या, म्हणजे लपलेल्या पूर्वग्रहावर लगाम घालण्याचे काम शेजारी बसलेला वेगळ्या वर्णाचा माणूस वकिलाच्या हरकतीपेक्षा अधिक भरवशाने करू शकतो.

इतके करूनही डेथ क्वालिफिकेशन शिल्लक राहते, आणि ते ॲरिझोनातही कायम आहे. दोष ठरवण्यासाठी एक ज्यूरी आणि शिक्षेसाठी दुसरी, अशी विभागणी केली तर निदान दोषनिश्चितीचा टप्पा या कसोटीतून मोकळा होऊ शकतो. दोन ज्यूरी म्हणजे दुप्पट वेळ आणि बराच अधिक खर्च, हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप आहे. लॉकहार्ट निकालाने अशी विभागणी घटनेनुसार अनिवार्य नाही इतकेच म्हटले होते. ती करण्यास कोणत्याही राज्याच्या विधिमंडळाला त्याने मनाई केलेली नाही.