जोत्यावर काय बघायचं?

दोस्तांनो,

रायगडाची सहल करून आलेल्या आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. चांगलं तीन पानी आहे. त्यातलं एक पान नुसतं पायऱ्यांबद्दल आणि दुखणाऱ्या पोटऱ्यांबद्दल! पण शेवटी तिनं जरा रागावूनच विचारलंय, "काका, एवढं चढून गेलो तर राजवाड्याच्या जागी नुसते दगडी चौथरे. आमच्यातली निम्मी मुलं त्यावर बसून भेळ खात होती. तिथं पहिल्यासारखा राजवाडा पुन्हा का बांधत नाहीत? मग बसलं असतं का कुणी भेळ खात?"

प्रश्न बिनतोड आहे, बरं का. मीही तुमच्याएवढा असताना हेच म्हणायचो.

राजवाडा गेला कुठे, ते आधी बघू. १८१८ मध्ये इंग्रजांनी गडाला वेढा घातला आणि समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या. गडावर आग भडकली. १० मे रोजी गड त्यांच्या ताब्यात गेला. लाकडाचे खांब, तुळया, छपरं असं सगळं जळून गेलं. उरली ती दगडी जोती. त्यावर दोनशे वर्षं कोकणातला पाऊस कोसळतोय.

आता समजा, आपण वाडा बांधायला घेतला. पहिलाच सुतार विचारेल, "खिडकी केवढी करू? खांबावर नक्षी कुठली?" काय सांगायचं त्याला? जगदीश्वराच्या देवळातला शिलालेख सांगतो की गडावर विहिरी होत्या, तळी होती, हत्तीशाळा होत्या, आभाळाला भिडणारे राजवाडे होते. १६७४ साली राज्याभिषेकाला हजर असलेल्या हेन्री ऑक्झेंडन या इंग्रज वकिलानं सिंहासनाजवळच्या भाल्यांवरचे सोन्याचे तराजू आणि माशांची मुंडकीसुद्धा टिपून ठेवलीत. पण त्यावरून खिडकी थोडीच करता येते? मग सुतार आपल्या मनाची खिडकी करणार, आणि पन्नास वर्षांनी तुमची नातवंडं तिच्याकडे बोट दाखवून म्हणणार, "महाराज इथूनच बाहेर बघायचे!"

असं एका ठिकाणी झालेलंही आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला कार्कासोन नावाचा भलामोठा तटबंदीचा किल्ला आहे. एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल्-द्यूक नावाच्या वास्तुविशारदानं तो पडता पडता वाचवला. मोठंच काम केलं. पण बुरुजांवर त्यानं पाटीच्या दगडाची, टोपीसारखी उंच निमुळती छपरं चढवली. ती पद्धत उत्तर फ्रान्समधली! त्या भागात बसकी, कौलारू छपरं असायची. लोकांनी टीका केली ती केलीच. पण आज हजारो माणसं त्या टोप्यांचेच फोटो काढून घरी नेतात. त्यांना खरं कोण सांगणार?

म्हणून आपल्याकडच्या पुरातत्त्व खात्याचा शिरस्ता असा, की जे आहे ते टिकवायचं, अंदाजानं नवं काही उभारायचं नाही. निखळलेला दगड बसवायचा तोही शक्यतो चुन्यात. सिमेंट घट्ट असतं, पण ते पाणी अडवून धरतं. भिंतीत मुरलेलं पाणी बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि मग दगडच सोलवटायला लागतो. चुना ओल बाहेर सोडतो.

एवढं मला पटतं. पण पत्रातली भेळ काही डोक्यातून जात नाही. नुसतं टिकवून ठेवलं आणि कुणाला काही सांगितलंच नाही, तर लोक त्यावर भेळच खाणार की!

मी स्वतः काय केलं होतं, सांगू? पहिल्यांदा रायगडावर गेलो तेव्हा जगदीश्वराच्या देवळाशी एका पायरीवर ऐटीत उभा राहून फोटो काढून घेतला. बुटांसकट. घरी आल्यावर मामानं फोटो पाहिला आणि गप्पच झाला. त्या पायरीवर अक्षरं कोरलेली आहेत. 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर.' ज्यानं अख्खा गड बांधला, त्यानं आपलं नाव पायरीवर घातलं, आणि मी त्यावर बूट ठेवून हसत होतो. अक्षरं माझ्या पायाखाली होती, मला दिसलीच नाहीत.

मग तिथं मोठ्ठी पाटी लावायची का? लावली तर देवळाआधी पाटीच दिसणार. नाही लावली तर बूट पडणार. अक्षरांभोवती कठडा घातला, तर पायरीची पायरी राहत नाही! गडावर रोज हाच पेच असतो. १९९६ साली रोपवे झाला. गुडघे दुखणाऱ्या आजीला गड बघता आला, हे फार चांगलं झालं. पण त्यामुळे गर्दी वाढली आणि तितके पाय दगडांवर जास्त पडायला लागले.

सांगायचं तरी काय, हाही घोळच. बाजारपेठेचे उंच जोते दाखवून सांगतात, की घोड्यावर बसल्या बसल्या खरेदी करता यावी म्हणून इतके उंच. ऐकायला झकास! पण ती दुकानं नव्हतीच, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. मला वाटतं, मुलांना दोन्ही सांगावं. तुम्हाला कोडी आवडतात, मग हे का नाही आवडणार?

माझी सगळ्यात आवडती जागा मात्र नगारखाना. तिथं कुणी कागद टरकन फाडला, तर पलीकडे सिंहासनाच्या चौथऱ्याशी ऐकू येतं. ना पाटी, ना खर्च, ना एक खिळा ठोकलेला. तरी दरबार उभा राहतो. (फाडलेला कागद खिशात घालायचा, हे सांगायला नकोच.) आणि वाड्याचं चित्र हवंच असेल, तर ते कागदावर किंवा मोबाइलवर काढावं आणि खाली ठळक लिहावं, 'हा अंदाज आहे'. चित्र चुकलं तर पुसता येतं.

जुलै २०२५ मध्ये रायगडासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यात तमिळनाडूतली जिंजीही आहे. आता जगभरातून माणसं येतील, आणि तीही चौथऱ्यांकडे बघून तोच प्रश्न विचारतील.

तेव्हा एक काम करा. तुमच्या गावाजवळच्या गडावर, गढीवर, वेशीवर पाटी आहे का? त्यावर काय लिहिलंय? वाचून काही कळलं का? नसेल, तर तुम्ही तिथं कोणत्या चार ओळी लिहाल? चारच हं, पाचवी नको. पोस्टकार्डावर मावेल एवढं लिहून पाठवा. आणि पत्र पाठवणाऱ्या मैत्रिणी, तुझ्याकडून पहिलं कार्ड हवं.

तुमचा,
काका