घरखर्चाच्या चार गोष्टी : बेटावरच्या सहलीत आईने उपाशी का राहावे?

आमच्या वसाहतीतील एक गृहस्थ केंद्र सरकारच्या कार्यालयात शिपाई आहेत. रजा प्रवास सवलतीचा लाभ घेऊन ते पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई यांना अंदमानला नेऊन आले. समुद्र पाहिला, सेल्युलर तुरुंग पाहिला, फोटोही पुष्कळ काढले. पण परत आल्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि सांगताना त्यांचे डोळे भरून आले. तिसऱ्या दिवशी पैसे संपत आले. तेव्हापासून आई ताटावर बसली की म्हणे, "मला भूक नाही रे, पोरांना दे." आयुष्यात पहिल्यांदा सहलीला निघालेली ती माउली अर्धपोटी फिरली.

बंधू-भगिनींनो, ही वेळ कोणावरही येऊ नये म्हणून आजचा हा हिशेब.

पहिली गोष्ट. सवलतीत मिळते ते जाण्यायेण्याचे भाडे. जेवण, मुक्काम, तिथली रिक्षा आणि बाजारहाट हा खर्च आपल्याच खिशातून होतो. 'सगळे सरकार देते' या समजुतीत राहिलेला माणूस हमखास अडचणीत येतो.

दुसरी गोष्ट. बेटावर महागाई का, हे समजून घ्या. पोर्ट ब्लेअर, ज्याचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम झाले, ते चेन्नईपासून सुमारे १३७० किलोमीटर दूर आहे. गहू, कांदे, बटाटे, पाकीटबंद खाऊ बहुतेक समुद्र ओलांडून येतो. त्याचे भाडे शेवटी गिऱ्हाइकालाच भरावे लागते. म्हणून तिथे जाऊन पनीर आणि रोटीचा हट्ट धरू नये. मासे, नारळ, केळी तिथलीच. शहीद द्वीप म्हणजे पूर्वीचे नील बेट तर भाजीपाल्यासाठीच प्रसिद्ध आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली अनेक कुटुंबे या बेटांवर वसवली गेली. तमिळ बांधवही पुष्कळ आहेत. त्यामुळे भात आणि माशाचे कालवण हे तिथले रोजचे जेवण. किनाऱ्यावरच्या झगमगीत हॉटेलापेक्षा गावातल्या बाजारात जेवा. स्वराज द्वीपावर म्हणजे हॅवलॉकला तीन नंबर गावात बाजार आहे, श्री विजयपुरमला अबर्डीन बाजार आहे. कामकरी माणसे जिथे जेवतात तिथे थाळी स्वस्त असते आणि अन्न ताजे असते.

मासा किंवा कोळंबी मागवताना आधी विचारा : दर नगावर की वजनावर? शेवंडीसारखा माल वजनावर विकतात आणि बिल आल्यावर तोंडचे पाणी पळते. विचारण्यात कमीपणा कसला? पैसा घामाचा आहे.

पाकीटबंद वस्तूवर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे दुकानदाराला घेता येत नाहीत. मात्र हॉटेलात बसून मागवलेल्या बाटलीला हा नियम लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरवले आहे. म्हणून पाणी, बिस्किटे दुकानातूनच घ्या. घरून चिवडा, लाडू, शेंगदाण्याची चटणी न्या. हिवाळ्यात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा रात्रीचे जेवण कुठे घ्यायचे ते उजेडीच पाहून ठेवा. लहान बेटांवर मोबाईल कधी चालतो, कधी नाही. रोख रक्कम जवळ असू द्या आणि ती दोघांकडे विभागून ठेवा.

आता खरेदी. ती शेवटच्या दिवशी करा, म्हणजे उरलेल्या पैशांतच होते. आधी नातेवाइकांची यादी लिहा. सागरिका या सरकारी विक्री केंद्रात भाव पाहा, मग बाजारात फिरा. किनाऱ्यावरचे प्रवाळ आणि शंख उचलून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना आणि शंखांच्या काही जातींना संरक्षण आहे. विमानतळावर सामान तपासतात. शंख घ्यायचाच तर पावतीसह घ्या आणि ती पावती जपा.

शेवटी वहीतला हिशेब. पाच माणसे, सहा दिवस म्हणजे तीस ताटे सकाळची, तीस रात्रीची. जेवणाचा पैसा साठने भागा. जो आकडा येईल तो एका ताटाचा. तो फार लहान वाटला तर एक दिवस कमी करा, एक बेट कमी पाहा. पण ताट कमी करू नका. जेवणाचे पाकीट वेगळे ठेवा आणि त्याला खरेदीसाठी हात लावू नका.

समुद्र कुठे पळून जात नाही. पण आई "भूक नाही" म्हणाली तर ते खरे आहे का, हे आधी आपणच ओळखले पाहिजे.