बंडाचा गणवेश

मराठीतील लघुअनियतकालिकांच्या चळवळीविषयी एक तक्रार वर्षानुवर्षे न चुकता केली जाते. साठच्या दशकात ज्यांनी प्रस्थापितांच्या नावाने शंख केला, तेच पुढे प्रस्थापितांच्या पंगतीत जाऊन बसले, अशी ही तक्रार. पुराव्यादाखल सन्मानांची यादी तयारच असते. भालचंद्र नेमाडे यांना १९९० साली साहित्य अकादमी आणि पुढे २०१४ चे ज्ञानपीठ. दिलीप चित्रे यांना १९९४ साली अकादमी. नामदेव ढसाळ यांना १९९९ साली पद्मश्री. अरुण कोलटकर यांना २००५ साली, मरणोत्तर, पुन्हा अकादमी. (या तक्रारीची चर्चा अकादमीच्याच ग्रंथात व्हावी, हेही त्याच यादीत घालण्यासारखे.) बंडखोर शैली राजमान्य झाली की खोटी पडते, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो.

हा निष्कर्ष आळशी आहे. शाल-श्रीफळाने कोणाची कविता बिघडल्याचे उदाहरण शोधून सापडणे कठीण. बिघाड होतो तो पुरस्कारांच्या पुष्कळ आधी आणि बंडखोरांच्या चाहत्यांकडूनच.

चित्रे, कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी १९५४ साली काढलेला ‘शब्द’ सायक्लोस्टाइल केलेला होता. त्यानंतरच्या ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’ यांसारख्या अंकांचा अनियमितपणा ही काही सौंदर्यविषयक भूमिका नव्हती. खिशात पैसे असतील तेव्हा अंक निघे. ओबडधोबड कागद, वाकडीतिकडी मांडणी, लेखकानेच संपादक, हमाल आणि वितरक होणे, या सगळ्यामागे निकड होती. मोठ्या मासिकांच्या संपादकांपुढे हात पसरायचे नाहीत, ही अट मान्य केल्यावर दुसरा मार्गच उरत नव्हता. पुढच्या पिढीने निकड सोडली आणि वाकडेपणा उचलला. उत्तम छपाई सहज परवडत असतानाही वेडीवाकडी अक्षरे मुद्दाम जुळवली जाऊ लागली.

गद्यात तर याहून मोठी हानी झाली. १९६३ साली ‘कोसला’ प्रसिद्ध झाली, ती देशमुख आणि कंपनीसारख्या प्रतिष्ठित प्रकाशनसंस्थेकडून. म्हणजे शुद्धतेच्या सोवळ्यातून पाहिले तर पहिल्याच दिवशी बाटलेली. तरीही तिने मराठी कादंबरीच्या अलंकृत भाषेचा कणा मोडला. पांडुरंग सांगवीकराच्या तोंडी ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ हे शब्द येतात तेव्हा त्याचा स्वतःच्या बोलण्यावरचा उडत चाललेला विश्वास त्यांतून ऐकू येतो. नंतर वसतिगृहातल्या प्रत्येक होतकरू कादंबरीकाराने ‘वगैरे’ची पेरणी केली आणि तुटलेपण हा एक सुखवस्तू छंद झाला. नेमाडे स्वतः मात्र १९७५ साली ‘बिढार’ लिहिताना त्या बोलीत अडकून पडले नाहीत.

ढसाळांच्या बाबतीत हे अनुकरण केवळ हास्यास्पद न राहता अश्लाघ्य होते. ‘गोलपिठा’तील भाषा कामाठीपुऱ्याच्या परिसरात जगलेल्या माणसाची आहे, तिच्यातील शिवी ही कोणी निवडलेली शैली नव्हे. ज्यांच्या वाट्याला जातीचे चटके कधी आले नाहीत, अशांनी तीच शिवी कवितेत बसवून टाळ्या घेतल्या. ज्या माणसांनी ती भाषा सोसली, त्यांच्याकडून ती उसनी घेतली गेली आणि परत कधीच केली गेली नाही.

कोलटकरांची गोष्ट तक्रारखोरांना सर्वांत अडचणीची. जाहिरातीच्या धंद्यात ते नावाजलेले कलासंचालक होते. बाजाराशी त्यांचे वैर नव्हते. ‘जेजुरी’ला १९७७ साली राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. त्याच वर्षी पहिला मराठी संग्रह आला आणि दुसऱ्यासाठी वाचकांना २००३ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षीच्या ‘भिजकी वही’त साठच्या दशकातला तिरकस, दुर्बोध कोलटकर शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही, तेथे जगभरच्या रडणाऱ्या स्त्रिया आहेत आणि त्यांच्याशी जवळजवळ सरळ बोलणारा एक कवी आहे. अनुकरण करणारे जी शैली जपत बसले होते, तिच्यातून तो केव्हाच उठून गेला होता. ग्रंथ मात्र अशोक शहाणे यांच्या त्याच छोट्या ‘प्रास’कडून निघाला.

आणि मुख्य प्रवाहात आले म्हणजे धार बोथट होतेच, हे तरी कोणी सिद्ध केले? वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता ऐंशीच्या दशकात भित्तिपत्रकाच्या रूपाने, याच बंडखोर वर्तुळातून निघाली. खटला उभा राहिला तो १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या नियतकालिकाने ती पुन्हा छापल्यावर. म्हणजे हिशेबनीस आणि रोखपालांच्या हाती पडल्यावर. अश्लीलतेचा तो आरोप दोन दशके चालला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने माफी मागितलेल्या प्रकाशकाला मोकळे केले. कवीला मात्र आपला बचाव खालच्या न्यायालयात करण्यास सांगितले.