कडू-गोड डेट!

व्हॅलेंटाइन्स डे असो, लग्नाचा वाढदिवस असो किंवा नुसतंच 'आज सहज', रोमँटिक संध्याकाळीचा आपला फॉर्म्युला ठरलेला असतो. मेणबत्ती, रेड वाइन आणि शेवटी चॉकलेटचं काहीतरी. दिसायला एकदम झकास! पण मंडळी, खरं सांगायचं तर ड्राय रेड वाइन आणि चॉकलेट यांचं फारसं पटत नाही. वाइनचा तुरटपणा आणि चॉकलेटचा कडवटपणा तोंडात भांडायला लागतात आणि गोडावर घोट घेतला की बिचारी वाइन आंबट लागते. मग चॉकलेटचा खरा जोडीदार कोण? बिअर!

थांबा, नाक मुरडू नका. मॅच, खारे दाणे आणि मित्रांचा कल्ला यांच्यासोबत येणारी बर्फगार पिवळी बिअर मी म्हणत नाहीये. मी म्हणतेय क्राफ्ट बिअर. म्हणजे छोट्या ब्रुअरीत, थोड्या प्रमाणात आणि चवीकडे लक्ष देऊन बनवलेली. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' सुरू झाली, ती देशातल्या पहिल्या काही मायक्रोब्रुअरींपैकी एक. गंमत म्हणजे हा इंग्रजी शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलाय. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत अडकलेल्या गोऱ्या सोल्जरांचं डोकं फिरायचं, म्हणून 'डूलाली' म्हणजे चक्रम! तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या मेन्यूकार्डांवर गव्हाची बिअर, ब्राउन एल, स्टाउट ही नावं चांगलीच रुळली आहेत.

आता फंडा समजून घेऊ. कोकोच्या बिया आंबवतात, सुकवतात आणि भाजतात. बार्लीला मोड आणून सुकवतात, त्याला माल्ट म्हणायचं. काळ्या बिअरसाठी त्यातला काही माल्ट पार काळपट होईपर्यंत भाजतात. म्हणजे दोघांची चव घडते ती भाजण्यातून. त्यातल्या एका माल्टचं नावच 'चॉकलेट माल्ट' आहे, पण ते फक्त रंगावरून. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रुअरीत गॅरेट ऑलिव्हर यांनी १९९४ मध्ये 'ब्लॅक चॉकलेट स्टाउट' बनवली. तिच्यात चॉकलेटचा कणही नसतो, सगळी करामत भाजलेल्या माल्टची!

दुसरी गोष्ट बुडबुड्यांची. कोको बटर साधारण ३४ डिग्रीला, म्हणजे आपल्या तोंडातल्या उबेतच वितळतं आणि जिभेवर तुपासारखा थर बसतो. बिअरचे बुडबुडे तो थर हलकेच उचलतात. जीभ स्वच्छ, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा!

तर दोघांसाठी तीन जोड्या, हलक्यापासून गडदपर्यंत, याच क्रमाने.

पहिली जोडी : गव्हाची बिअर आणि व्हाइट चॉकलेट. बेल्जियन पद्धतीच्या बिअरमध्ये संत्र्याची साल आणि धने असतात (हो, आपलेच धने!), जर्मन पद्धतीच्या बिअरला यीस्टमुळे केळी-लवंगेचा वास येतो. दोन्ही चालतील.

दुसरी : ब्राउन किंवा अँबर एल आणि बदाम किंवा हेझलनट घातलेलं मिल्क चॉकलेट. बिअरमधला कॅरॅमलचा स्वाद आणि भाजका सुका मेवा, बस्स!

तिसरी : स्टाउट किंवा पोर्टर आणि ७० टक्के कोकोचं डार्क चॉकलेट. हल्ली केरळ-तामिळनाडूतल्या कोकोची छान 'बीन टू बार' चॉकलेट्स आपल्याकडे मिळतात. आयपीए मात्र आज बाजूला ठेवा. हॉप्सचा कडूपणा आणि डार्कचा कडूपणा एकत्र आले की काढा प्यायल्यासारखं वाटतं.

कडू-गोड एकत्र खायचं आपल्याला नवीन नाहीच म्हणा. पाडव्याला कडुनिंबाच्या पानासोबत गूळ आपण लहानपणापासून खातोय!

पण या सगळ्यात रोमान्स कुठे आहे? तर तो आहे थांबण्यात. आधी एक घोट, मग चॉकलेटचा तुकडा. चावायचा नाही, वितळू द्यायचा. मग दुसरा घोट, आणि मग एकमेकांना विचारायचं, 'काय लागलं तुला?' या प्रश्नाला बरोबर-चूक असं उत्तर नाही. तिला कॉफी आठवेल, त्याला जळका पाव.

माझ्या एका मैत्रिणीच्या लग्नाला तीन वर्षं झाली. तो आयटीत, रात्री अमेरिकेचे कॉल्स. ती बँकेत, सकाळी आठला घराबाहेर. दर वाढदिवसाला ती त्याच्यासाठी मिल्क चॉकलेटचा मोठा डबा आणायची आणि तो 'वा!' म्हणून घ्यायचा. या तीन जोड्या त्यांनी घरी करून पाहिल्या, तेव्हा दुसऱ्या जोडीला तो हळूच म्हणाला, 'मला खरं तर हे फार गोड होतं गं, नेहमीच.' ती आधी चिडली. तीन वर्षं गप्प का बसलास? मग तिनेही सांगून टाकलं, की त्याचं ते आवडतं महागडं रेस्टॉरंट तिला बिलकुल आवडत नाही. त्या रात्री दोघं एक वाजेपर्यंत बोलत बसले. 'डबा तर सोड,' ती मला म्हणाली, 'अजून काय काय आम्ही न सांगता गिळत होतो, तेच मोजत होतो.'

करून बघायचं असेल, तर या टिप्स :

* ३३० मिलीच्या तीन बाटल्या दोघांत पुरतात. माणशी साधारण अर्धा लिटर. जास्त प्यायलात तर चव कळणारच नाही.
* स्टाउट बर्फगार नको. फ्रिजमधून पंधरा-वीस मिनिटं आधी काढा. चॉकलेट अर्धा तास आधी.
* चॉकलेटचं लेबल वाचा. 'कोको बटर' हवं. 'कंपाउंड' असेल, तर ते मेणासारखं तोंडात चिकटतं.
* चॉकलेट जितकं गोड, निदान तितका गोडवा बिअरमध्येही हवा. नाहीतर बिअर पाणचट लागेल.
* दोघांपैकी एक जण पीत नसेल तर आग्रह अजिबात नको. डार्क चॉकलेट आणि बिनसाखरेची फिल्टर कॉफी हीसुद्धा भाजण्यातून जमलेलीच जोडी आहे.
* बाहेर जाणार असाल तर गाडीची चावी घरी, येताना रिक्षा.

आणि हो, दोन्ही मोबाइल दुसऱ्या खोलीत. 'आवडलं नाही' असं समोरच्याने सांगितलं, तर रुसू नका. पुढच्या वेळी काय आणायचं, ते तुम्हाला नक्की ठाऊक असेल. चीअर्स!