रात्रीच्या निवाऱ्याचा ताळेबंद



नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाविषयी आपल्या पेठांत सहसा कोणी बोलत नाही. मालमत्ता कराची मागणी आली की चार दिवस कुरकुर होते आणि पुन्हा सारे शांत होते. ‘बेघरांचा निवारा’ हा शब्द निघाला की मात्र प्रत्येकाचे मत तयार असते. आम्ही कर भरायचा आणि त्यांनी फुकट झोपायचे, हे वाक्य घाटावर आणि घाटाखाली, दोन्हीकडे मी थोड्याफार फरकाने ऐकले आहे. अलीकडे त्याला एक भारदस्त आधारही मिळाला आहे. थेट सर्वोच्च न्यायालयच असे म्हणाले, असे सांगितले जाते.

न्यायालय काय म्हणाले, ते आधी नीट पाहू. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी शहरी बेघरांच्या निवाऱ्याच्या हक्कासंबंधीची सुनावणी न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन मसीह यांच्यापुढे चालू होती. फुकटच्या योजनांमुळे लोक काम करावयास तयार होत नाहीत, त्यांना राष्ट्राच्या मुख्य प्रवाहात आणण्याऐवजी आपण परजीवींचा एक वर्ग तर निर्माण करीत नाही ना, अशा आशयाचा प्रश्न न्यायमूर्ती गवई यांनी विचारला. ते आपल्याच वऱ्हाडातील, अमरावतीचे. आपण शेतकरी कुटुंबातून आलो आहोत आणि महाराष्ट्रात निवडणुकीपूर्वी जाहीर झालेल्या योजनांमुळे शेतकऱ्याला मजूर मिळेनासे झाले आहेत, असेही ते म्हणाले. हाताला काम मिळत असेल तर ते नको म्हणणारा मनुष्य या देशात क्वचितच सापडेल, असे याचिकाकर्त्यांच्या बाजूने प्रशांत भूषण यांनी उत्तर दिले. महान्यायवादींनी सांगितले की, शहरी दारिद्र्य निर्मूलनाची नवी मोहीम केंद्र सरकार आखीत असून तीत बेघरांच्या निवाऱ्याचाही समावेश असेल.

एवढे सारे त्या दिवशी झाले. निवारे बंद करा असा आदेश न्यायालयाने दिला नाही. उलट ती मोहीम केव्हा लागू होणार, याची विचारणा केली. पेठेत पोहोचला तो केवळ ‘परजीवी’ हा शब्द. सुनावणीतील उद्गार आणि न्यायालयाचा आदेश यांत अंतर असते, हे ज्यांचे दावे कोर्टात पडून आहेत अशा आपल्या वाचकांना मी वेगळे सांगावयास नको.

आता खर्चाकडे वळू. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खात्यांची बेरीज तपासल्यामुळे ‘किती’ हे विचारल्याशिवाय ‘कशाला’ या प्रश्नाकडे जाण्याची मला सवय नाही.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान २०१३ साली सुरू झाले. त्याच्या मार्गदर्शिकेत शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांच्या कायम निवाऱ्याची सोय सांगितली होती. माणशी पन्नास चौरस फूट जागा आणि पन्नास माणसांच्या निवाऱ्याच्या चालू खर्चासाठी वर्षाला ६ लाख रुपये, असे हे प्रमाण होते. केंद्र व राज्य यांचा वाटा आरंभी ७५ आणि २५ टक्के, पुढे ६० आणि ४० टक्के. चालू खर्चाची ही मदत पाच वर्षांपुरती. त्यानंतरचा भार स्थानिक संस्थेने पेलावा, अशी अपेक्षा होती.

सहा लाखांना ३६५ ने भागा. एका रात्रीचे सुमारे १,६४४ रुपये होतात. पन्नास माणसांत ते वाटले तर माणशी ३३ रुपयेसुद्धा भरत नाहीत. शिवभोजन थाळीची योजना २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हा शहरी भागातील एका थाळीची किंमत शासनाने ५० रुपये धरली होती, हे तुलनेसाठी ध्यानात घ्यावे. रात्रभराचे छप्पर, दिवा, पाणी, शौचालय आणि अंथरूण हे सारे एका थाळीहून स्वस्त पडते.

पण थांबा. हा हिशेब पन्नासही जागा भरल्या तर. निवाऱ्याचा खर्च बहुतांशी स्थिर असतो. तीन पाळ्यांना तीन माणसे आणि एक व्यवस्थापक लागतोच. प्रत्येकी दरमहा दहा हजार धरले तरी चाळीस हजार गेले आणि पन्नासांतले उरलेले दहा हजार वीज, पाणी, साबण, चादरींची धुलाई यांत संपले. आत पन्नास माणसे झोपली काय किंवा दहा, हा आकडा फारसा हलत नाही. पंचवीस माणसे आली की माणशी ६६ रुपये, आणि दहाच आली तर १६४ रुपये. निवाऱ्यांवर उधळपट्टी होते असा ज्यांचा आरोप आहे, त्यांनी बोट ठेवायचे तर येथे ठेवावे. निजलेल्या माणसाचा खर्च अल्प आहे. महाग पडते ती रिकामी गादी.

आणि गादी रिकामी का राहते? निवारा गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत बांधला जातो आणि काम असते ते बाजार समितीत, रेल्वे स्थानकावर, मोंढ्यात. पहाटे चारला भाजीपाल्याच्या गाड्या उतरवणारा हमाल तीन किलोमीटरवर निजायला जाईल कशाला? शिवाय दारात आधार कार्ड मागितले जाते, नवरा-बायकोला एकत्र राहता येत नाही, हातगाडी ठेवायला जागा नसते. मग तो आपला फलाटच बरा म्हणतो आणि आपण म्हणतो, पाहा, सोय करूनही यांना रस्ताच आवडतो. दुकानाची जागा निवडताना जो विचार आपण दहा वेळा करतो, तो निवाऱ्याची जागा निवडताना एकदाही होऊ नये, याचे मला आश्चर्य वाटते.

हा अनुभव केवळ आपल्या भागातील नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून देशभरातील निवाऱ्यांची तपासणी करविली. निधी पडून आणि माणसे उघड्यावर, या स्थितीबद्दल न्यायालयाने पुढे राज्यांना खडे बोल सुनावले. ते अभियानही सप्टेंबर २०२४ मध्ये संपले.

बेघर म्हणजे कोण, याविषयी आपल्या मनातील चित्र बहुधा भिकाऱ्याचे असते. जनगणनेची व्याख्या निराळी आहे. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या सिमेंटच्या नळांत, देवळाच्या आवारात अथवा फलाटावर राहणारा तो बेघर. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री ही गणती झाली. देशात १७ लाख ७३ हजार, महाराष्ट्रात २ लाख ११ हजारांच्या आसपास. एका रात्रीची ही गणती. जो त्या रात्री गणकाला दिसला नाही, तो मोजला गेला नाही.

आपल्या जिल्ह्यात त्या जनगणनेत एकही गाव लाखाच्या वर नव्हते; सर्वांत मोठे खामगाव, तेही ९४ हजारांच्या आसपास. त्यामुळे हा मुंबईचा प्रश्न, असे आपल्याला वाटते. परंतु शेगाव व मलकापूर ही मुख्य लोहमार्गावरील स्थानके आहेत. कापसाच्या हंगामात जिनिंगवर माणसे येतात, लग्नसराईत मंडप व वाढप्यांची कामे निघतात. रात्री दहानंतर बाजारपेठेतून एक फेरी मारली की आपल्याच दुकानांच्या पायऱ्यांवर कोण निजले आहे ते दिसते. त्यांतील पुष्कळजण दिवसा आपलाच माल वाहतात. त्यांना परजीवी म्हणताना निदान आपली जीभ अडखळावी. त्यांच्या श्रमावर आपली गाडी वेळेवर भरते.

न्यायालयांचा सूरही या प्रश्नावर एक राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील बेघरांसंबंधीची जनहित याचिका निकालात काढताना, सर्व काही राज्यानेच पुरवावे असे होणार नाही, बेघरांनीही काम केले पाहिजे, असे म्हटले. त्याच न्यायालयात मार्च २०२३ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल व न्यायमूर्ती नीला गोखले यांच्यापुढे पदपथांचा विषय आला, तेव्हा तीही माणसेच आहेत, गरिबांना शहरातून हाकलून द्यायचे काय, असा प्रश्न विचारला गेला. आपल्या नातवंडांपैकी काही न्यूयॉर्कला आहेत. १९८१ मधील एका न्यायालयीन तडजोडीनंतर तेथे मागेल त्याला निवारा देणे नगरप्रशासनावर बंधनकारक झाले, आणि त्याच्या खर्चावरून तेथे आजही वाद चालतो. फिनलंडने २००८ पासून दुसरी वाट धरली व वसतिगृहांऐवजी थेट लहान घरे देण्यास आरंभ केला. तेथे बेघरांची संख्या घटली. तेथील लोकसंख्या आणि तिजोरी पाहता ती पद्धत आपल्या नगरपालिकांना जशीच्या तशी झेपणार नाही, हेही खरेच.

आपल्याकडे यासाठी दूर जाण्याची गरज नाही. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः त्यांपैकी कशावरही हक्क सांगितला नाही. शेगावच्या संस्थानात सेवाधारी किती शिस्तीने यात्रेकरूंची सोय राखतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्या समाजाच्या धर्मशाळा तर गावोगाव आहेत. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त चार दानांमध्ये आवासाचाही उल्लेख केला आहे. तेथे प्रसंग मुख्यत्वे त्यागीजनांच्या सेवेचा आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मी ओढूनताणून लावणार नाही. तथापि, आज आपल्या पुष्कळ धर्मशाळांत एकट्या माणसाला खोली न देण्याचा नियम आहे. त्यामागची भीती मी समजू शकतो. व्यवस्थापकाला पोलिसांना उत्तर द्यावे लागते. परंतु मग त्या एकट्या माणसासाठी नगरपालिकेने काही केले, तर त्याला नावे ठेवण्याचा आपला अधिकार कमी होतो.

एक गोष्ट माझ्या जुन्या व्यवसायातील. पूर्वी अनेक हमाल आपली मजुरी शेटजींकडे ठेवीत आणि दिवाळीला गावी जाताना घेऊन जात. व्यवहार चोख असे, वहीत नोंद असे. पण बँकेत खाते का नाही, असे विचारले तर उत्तर एकच, पत्ता कोठला लिहू? जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला आली. ज्यांच्याकडे कागदपत्रे नाहीत त्यांच्यासाठी ‘लघु खात्या’ची सोय आहे, बँक अधिकाऱ्यासमोर सही अथवा अंगठा आणि छायाचित्र एवढ्यावर ते उघडता येते. शिल्लक ५० हजारांपर्यंत, वर्षभरात जमा एक लाखापर्यंत आणि महिन्याला उचल दहा हजारांपर्यंत, अशा मर्यादा आहेत. पुढे मात्र ओळख व पत्ता यांचे पुरावे लागतातच. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचे प्रमाणपत्र आधार नोंदणीत पत्त्याचा पुरावा म्हणून चालते. म्हणजे त्या ३३ रुपयांत छपराबरोबर एक पत्ताही मिळतो. आणि ज्या फुकट योजनांवर आपला राग आहे, त्यांचे पैसे पत्ता, कागद आणि आधारशी जोडलेले खाते असणाऱ्यालाच मिळतात. पुलाखाली निजणाऱ्या बाईला लाडक्या बहिणीचे दीड हजार सहजी मिळत नाहीत. रेवडी वाटली गेली असेल, तर ती तिच्या हाती पडलेली नाही.

पाच वर्षांची मदत संपल्यावर भार नगरपालिकेवर, ही तरतूद माझ्या मते या योजनेतील सर्वांत कच्ची कडी आहे. कर्मचाऱ्यांचे पगार भागविताना ज्यांची दमछाक होते, त्या पालिका वर्षाचे सहा लाख कोठून काढणार? नवी मोहीम आली तरी हा प्रश्न उरेलच. तोवर आपण करदाते म्हणून एक मागणी जरूर करू शकतो. आपल्या गावात निवारा असेल तर त्याचा रोजचा हजेरीपट पाहावयास मागावा. किती गाद्या, त्यांपैकी किती भरलेल्या, स्त्रिया किती, आणि डिसेंबर-जानेवारीत आकडा वाढतो की नाही. थंडीतही तो वाढत नसेल, तर निवाऱ्याची जागा चुकली आहे आणि ती बदलण्याचा ठराव पालिकेच्या सभेत आणता येतो. निवारा नसेल, तर बाजार समितीपासून चालत जाता येईल अशी कोणती पालिकेची इमारत रात्री रिकामी असते, हे आपल्या व्यापारी असोसिएशनला एका आठवड्यात शोधून काढता येईल. चौकशीचा अर्ज साध्या कागदावर चालतो. पोच मात्र आठवणीने घ्यावी.