१ लाख कोटींचा संशोधन निधी: नाशिकच्या मेडिकल विद्यार्थ्याच्या हातात त्यातलं काय येतं?

तुमच्याही ग्रुपवर तो मेसेज येऊन गेला असेल: "सरकार संशोधनासाठी १ लाख कोटी देतंय, अर्ज करा, लिंक खाली." सोबत तिरंगा, मायक्रोस्कोपचा फोटो आणि शेवटी "जास्तीत जास्त विद्यार्थ्यांपर्यंत पोचवा". आता गंमत अशी की मेसेजमधला आकडा खोटा नाही. खोटं आहे ते "अर्ज करा".

ही आरडीआय योजना, म्हणजे संशोधन, विकास आणि नावीन्य यासाठीची योजना. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती १ जुलै २०२५ ला मंजूर केली आणि ३ नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते ती सुरू झाली. रक्कम १ लाख कोटी रुपये, बरोबर. पण हे अनुदान नाही. मुख्यतः खासगी क्षेत्राला कमी किंवा शून्य व्याजाने, लांब मुदतीसाठी दिलेलं कर्ज आणि काही ठिकाणी स्टार्टअपमध्ये भांडवल असं त्याचं स्वरूप आहे. पैसा थेट सरकारकडून मिळत नाही, मधल्या फंड मॅनेजर संस्थांमार्फत येतो. आणि तुमचं तंत्रज्ञान टीआरएल ४ किंवा त्याच्या वर असावं लागतं.

टीआरएल म्हणजे काय? तंत्रज्ञान किती तयार झालंय हे सांगणारी १ ते ९ पायऱ्यांची शिडी. पहिल्या पायरीवर नुसतं तत्त्व असतं, नवव्या पायरीवर वस्तू प्रत्यक्ष वापरात सिद्ध झालेली असते. चौथी पायरी म्हणजे प्रयोगशाळेत चाललेला नमुना. ज्याच्या वहीत फक्त कल्पना आहे, तो या शिडीच्या पायथ्याशी उभा आहे. त्याच्यासाठी हा एक लाख कोटी आज तरी शून्यच.

मग पायथ्याशी उभ्या असलेल्याला काय मिळतं? हे नाशिकवरून बघू, कारण नाशिकची गोष्ट जरा विचित्र आहे.

विद्यापीठ १९९८ चं, सरकारी कॉलेज २०२४ चं

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय नाशिकला, म्हसरूळजवळ दिंडोरी रस्त्यावर आहे. राज्यातल्या एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग अशा बहुतेक विद्यार्थ्यांच्या परीक्षा इथून चालतात. पण ज्या शहरातून अख्ख्या राज्याचं वैद्यकीय शिक्षण चालतं, त्या शहरात एमबीबीएसचं सरकारी कॉलेज मात्र इतकी वर्षं नव्हतं. आडगावचं मविप्रचं कॉलेज १९९० पासून आहे, इगतपुरी तालुक्यात धामणगावला एसएमबीटी आहे, पण ही दोन्ही संस्थांची कॉलेजं. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं ऑनलाइन उद्घाटन झालं, त्यात नाशिकचं नाव आलं.

ही बातमी तेव्हा "सीट वाढल्या" एवढ्यावरच संपली. माझ्या मते संशोधनाच्या दृष्टीने नाशिकसाठी ती आरडीआयपेक्षा मोठी आहे. कारण केंद्राच्या बऱ्याच योजनांचं दार कॉलेजच्या पाटीवर "शासकीय" हा शब्द आहे की नाही यावर उघडतं. आरोग्य संशोधन विभागाची एमआरयू योजना (मेडिकल कॉलेजातच संशोधनाची सामायिक प्रयोगशाळा उभारून देणारी) सरकारी कॉलेजांसाठी आहे. विषाणू तपासणीच्या व्हीआरडीएल प्रयोगशाळांचं जाळंही मुख्यतः सरकारी कॉलेजांवर उभं राहिलं. पाटी लागली म्हणजे प्रयोगशाळा आली असं नाही. त्यासाठी कॉलेजला मागणी करावी लागते, जागा आणि माणसं दाखवावी लागतात. पण आधी मागायचीच सोय नव्हती, ती आता झाली.

सुरगाण्याची एक विद्यार्थिनी धरून चालू

समजा, सुरगाण्याची एक मुलगी नाशिकमध्ये एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर हा सगळा आदिवासी पट्टा, आणि सिकलसेल हा आजार तिने घराच्या आजूबाजूला पाहिलेला. आई आणि वडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. केंद्राने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे लक्ष्य ठेवलं. तपासणी होते, कार्ड मिळतं, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्याही सुरू होतात. हिचा प्रश्न साधा आहे: गोळ्या सुरू केलेले पेशंट मध्येच त्या का सोडतात?

प्रश्न चांगला आहे आणि स्वस्तही आहे. यासाठी लाख कोटी लागत नाहीत. तिच्यासाठी जी योजना आहे तिचं नाव एसटीएस. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, ही योजना १९७९ पासून चालवते. एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्याने कॉलेजातल्या एका प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांचं छोटं संशोधन करायचं, ५० हजार रुपये विद्यावेतन मिळतं. खासगी कॉलेजातल्या मुलांनाही अर्ज करता येतो. ऐकायला छान.

आता बारीक अक्षरं. पैसे काम सुरू करताना मिळत नाहीत. काम पूर्ण करून रिपोर्ट पाठवायचा, तो मंजूर झाला की मिळतात. आणि ते विद्यावेतन आहे, संशोधनाचा खर्च नाही. म्हणजे नाशिक-सुरगाणा एसटीचं भाडं, फॉर्मच्या झेरॉक्स, लागलंच तर तपासणीचं साहित्य हे आधी कोणीतरी खिशातून घालायचं. ज्या घरातून दर महिन्याला पैसे पाठवणं जमत नाही, त्या घरातल्या मुलीला "आधी खर्च कर, नंतर बघू" ही अट किती जड असते हे दिल्लीत बसून कळत नाही. विद्यापीठाच्या स्वतःच्या संशोधन अनुदान योजना आहेत, त्यांची माहिती कॉलेजच्या संशोधन कक्षात विचारायलाच हवी. फार कमी मुलं विचारतात.

दुसरी अडचण एथिक्स कमिटीची. माणसांवरच्या कुठल्याही अभ्यासाला, अगदी प्रश्नावली भरून घ्यायची असली तरी, नैतिक समितीची परवानगी लागते. २०१९ च्या नियमांपासून आरोग्य संशोधन तपासणाऱ्या समित्यांना सरकारकडे नोंदणीही करावी लागते. समितीची बैठक महिन्या-दोन महिन्यांनी आणि अर्जाची मुदत त्याआधी संपते, असं झालं की वर्ष गेलं. म्हणून शहाणी मुलं आधी बैठकीची तारीख विचारतात आणि विषय नंतर पक्का करतात.

फोनवरून डेटा गोळा करणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. पेशंटच्या कार्डाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर गाइडला पाठवणं हे सर्रास चालतं, आणि ते चूक आहे. वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. त्यात संशोधनाला सवलत आहे, पण ठरलेली मानकं पाळली तर आणि त्या डेटावरून त्या विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घेतला नाही तरच. नाव काढून कोड नंबर टाकण्याची सवय आत्ताच लावून घ्या.

वाचायला मिळतं का?

संशोधन करायचं तर आधीचं संशोधन वाचावं लागतं, आणि एकेक पेपर उघडायला हजारो रुपये मागतात. यावर 'एक देश, एक सदस्यत्व' ही योजना आली. २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजुरी, १ जानेवारी २०२५ पासून सुरुवात. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं. केंद्र आणि राज्य सरकारच्या ६,३०० संस्थांमधल्या जवळपास १.८ कोटी विद्यार्थी-शिक्षकांना ती मोफत वाचता येतात. अलीकडच्या सगळ्या संशोधन योजनांमध्ये मला ही सगळ्यात कामाची वाटते, कारण इथे कोणाला निवड समितीपुढे उभं राहावं लागत नाही.

पण पुन्हा तीच पाटी. खासगी आणि संस्थांची कॉलेजं पहिल्या टप्प्यात नाहीत. म्हणजे एकाच विद्यापीठाचा एकच पेपर देणाऱ्या दोन मुलींपैकी सरकारी कॉलेजातलीला पेपर दिसतो, दुसरीला "विकत घ्या" असं बटण. जिथे वैद्यकीय शिक्षण तीन दशकं संस्थांच्या कॉलेजांवर चाललं, त्या नाशिकसारख्या शहराला ही रेघ जास्त टोचते. तुमचं कॉलेज सरकारी असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागून घ्या. कित्येकांना ते मिळतं हेच माहीत नसतं.

वरच्या पायऱ्यांवर

पुढचं जरा भरभर सांगतो. पीएचडीला जेआरएफ मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७ हजार, पुढे एसआरएफला ४२ हजार. घरभाडं वेगळं, आणि त्यात पुणे-मुंबई 'एक्स' गटात तर नाशिक 'वाय' गटात, त्यामुळे इथे ते कमी. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्याही पीएचडी फेलोशिप आहेत. कायम नोकरी लागलेल्या तरुण प्राध्यापकांसाठी एएनआरएफचं अर्ली करिअर अनुदान आहे, तीन वर्षांत ६० लाखांपर्यंत. आयसीएमआरच्या छोट्या प्रकल्प अनुदानाची मर्यादा २ कोटी. यातलं काहीही विद्यार्थ्याच्या नावावर मिळत नाही, पण या प्रकल्पांमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून शिरता येतं, आणि बहुतेकांची सुरुवात तशीच होते. वस्तू बनवायची असेल तर बायरॅकचं बिग अनुदान, ५० लाखांपर्यंत. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर त्याचं भागीदार आहे.

एएनआरएफबद्दल एक आकडा मात्र थांबून बघायला हवा. २०२३ च्या कायद्याने ही संस्था आली, तेव्हा पाच वर्षांत ५० हजार कोटी असं सांगितलं गेलं. त्यातले सरकारचे १४ हजार कोटी. उरलेले ३६ हजार कोटी, म्हणजे ७२ टक्के, उद्योग, सरकारी कंपन्या, देणगीदार अशा बाहेरच्या स्रोतांतून यायचे आहेत. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. ज्या देशात उद्योग संशोधनावर हात आखडता घेतात, तिथे ७२ टक्क्यांचा भरवसा त्यांच्यावर ठेवणं मला तरी धाडसाचं वाटतं.

छोटे नियम बदलले, त्यांची बातमी झाली नाही, पण काम त्यांनी सोपं केलं. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने संशोधन अनुदानावरचा कर काढण्याची शिफारस केली. त्याआधी नामांकित संस्थांना कराच्या नोटिसा गेल्या होत्या. जून २०२५ मध्ये केंद्राच्या वैज्ञानिक संस्थांना कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख झाली. राज्याच्या कॉलेजांना मात्र राज्याचे खरेदी नियम असतात, हे विसरू नका.

आणि बाहेरचा पैसा? अमेरिकेच्या एनआयएचने मे २०२५ मध्ये परदेशी संस्थांना उप-अनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवली. भारतातल्या ज्या प्रयोगशाळा अमेरिकन विद्यापीठाच्या भागीदार म्हणून चालत, त्यांना घरातल्याच दारांवर यावं लागतंय. त्या दारांवर गर्दी वाढणार.

लिंक ओळखायची कशी

"पत्ता गव्ह डॉट इनने संपतो का ते बघा" हा सल्ला इथे अर्धाच लागू होतो. एएनआरएफचं अर्जाचं पोर्टल एएनआरएफऑनलाइन डॉट इन आहे, आयसीएमआरचं ई-पीएमएस ओआरजी डॉट इनवर चालत आलंय. दोन्ही खरी. त्यामुळे मेसेजमधली लिंक उघडूच नका. संस्थेच्या मुख्य वेबसाइटवर जा आणि तिथून आत शिरा. अनुदान मंजूर झालंय, प्रोसेसिंग फी यूपीआयने पाठवा, असं कोणी म्हणालं तर ब्लॉक करा आणि १९३० वर तक्रार करा.

घड्याळ कुंभाचं

नाशिककडे एक असा विषय आहे जो फार थोड्या शहरांकडे आहे. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, मुख्य अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये. पाणी, साथीचे आजार, उष्णता, गर्दीतली तातडीची सेवा, सगळं एका गावात. २०१५ च्या सिंहस्थात एमआयटीचे प्राध्यापक, मूळ नाशिकचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन झाली होती. तेव्हा इथल्या मुलांनी अॅप्स आणि उपकरणं बनवली.

आता उलटं मोजा. ऑगस्ट २०२७ ला घाटावर डेटा घ्यायचा तर त्याआधी माणसं शिकवून तयार हवीत, त्याआधी पहिला हप्ता, त्याआधी करार, मंजुरी, छाननी, त्याआधी एथिक्स कमिटी, आणि या सगळ्याआधी प्रस्ताव. प्रत्येक पायरीला महिने जातात. उपचाराची चाचणी असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर नोंदणी सक्तीची, नंतर करून चालत नाही. हा सिंहस्थ हुकला तर पुढचा बारा वर्षांनी. तेव्हा कॉलेजात असाल तर या आठवड्यात दोनच प्रश्न विचारा: एथिक्स कमिटीची पुढची बैठक कधी आहे, आणि कुंभावर प्रस्ताव कोणते सर किंवा मॅडम लिहितायत.