खुर्ची साहेबाची, हात कोणाचे?

इ. स. १७८१ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याने राणी शार्लट हिच्यासाठी हस्तिदंताने मढविलेल्या खुर्च्यांचा एक संच विकत घेतला. मद्रासचा गव्हर्नर राहिलेल्या अलेक्झांडर विंच याच्या मालमत्तेच्या विक्रीत तो आला होता. त्यातील वस्तू आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात जपलेल्या आहेत. विकणाऱ्याचे नाव नोंदले गेले, घेणाऱ्याचेही गेले. ज्याने ती वेलबुट्टी कोरली, तो मात्र निनावी राहिला.

हे काम विशाखापट्टणमचे. तेथील कंसाली समाजाच्या कारागिरांनी अठराव्या शतकात ही कला नावारूपाला आणली. आधी शिसवी लाकडात हस्तिदंत जडविला जाई; पुढे त्याच्या पातळ पट्ट्यांनी सारा पृष्ठभागच मढविण्याची रीत आली. त्यावर नक्षी कोरून रेषांमध्ये काळी लाख भरीत. घाट इंग्रजी नमुन्याचा, पण त्यावरची पाने-फुले येथल्याच हाताने उमललेली. पाट, चौरंग आणि बैठक यांच्या देशात परक्या घाटाची खुर्ची इतक्या सफाईने घडविणे म्हणजे निव्वळ नक्कल नव्हे! तरीही जगाच्या बाजारात या वस्तूंना नाव मिळाले ते ‘अँग्लो-इंडियन’. त्यातही मान पहिल्या शब्दाला.

(हस्तिदंताचा व्यापार आज कायद्याने बंद आहे आणि तो बंदच राहिला पाहिजे. कारागिराच्या कौतुकापायी हत्तीची किंमत विसरता येणार नाही.)

अपवाद आहेत. लाहोरच्या मेयो कलाशाळेत घडलेले भाई रामसिंग मूळचे सुतार घराण्यातले. व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बॉर्न येथील प्रासादातील दरबार दालनाची सजावट त्यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी साकारली. पुढे ते त्याच कलाशाळेचे प्राचार्य झाले. त्यांचे नाव उरले, कारण ते इंग्रजांच्या शाळेतून आणि राणीच्या दारातून गेले. मग जे आपल्या बापाच्या हाताखाली शिकले आणि आयुष्यभर आपल्याच गल्लीत बसून काम करीत राहिले, त्यांचे काय?

हा दोष एकट्या इंग्रजांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे कोरीव शिसवी सामान ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने परदेशी गेले. तशा जुन्या वस्तू मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, अजून हाताळता येतात. दुकानदार लाकूड सांगतो, साल सांगतो, भाव तर सांगतोच. सुताराचे नाव त्याला कोणी विचारीतच नाही. मूर्तीखाली देणगीदाराची पाटी हौसेने लावणारा आपला समाज पलंग कोरणाऱ्याला मजुरी देऊन विसरला, हे कबूल करायला हवे.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्तू देशात राहते, हे चांगलेच. पण तिची हकीकत सांभाळण्याचे काम कोणता कायदा करणार? वाडे पडत आहेत. माळ्यावरचा शिसवी झोपाळा, आजोबांची आरामखुर्ची भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे तरी विचारावे : ही कोणत्या सुताराने केली, तो कोणत्या गावचा आणि त्याच्या घरी आज कोणी रंधा धरतो का? मिळेल ते उत्तर कागदावर लिहून खणात ठेवावे.